जगदेव पाणाड्याची तेलाची विहीर

जगदेव मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की ही बाई मध्येच का घसरली.

आमच्या मालेगावात, म्हणजे ते मोठं मालेगाव नव्हे, बस स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. माझ्या मशीनच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की मदनसिंगचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्याच्या दुकानापुढं पत्र्याच्या सावलीत एक बाकडं आहे आणि त्यावर पेरण्या आटोपल्यापासून चार-पाच माणसं कायमची चिकटलेली असतात. माझी मान मशीनवर असली तरी कान मोकळे असतात. त्यामुळं त्या बाकड्याचा सगळा इतिहास मला पाठ आहे, आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

जगदेव हा त्या बाकड्याचा मानकरी. गाव जऊळका. धंदा पाणी पाहण्याचा. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि दुसऱ्याच्या वावरात नवरदेवासारखं पाऊल टाकत चालायचं. नारळ उभा राहिला की तिथं खूण करायची आणि म्हणायचं, इथं बोअर मार. पाणी लागलं तर जगदेवचा हात. नाही लागलं तर मशीनवाल्यानं जागा हलवली, नाहीतर मालकाचं नशीब फुटकं. एकदा रिठदकडं बोअर कोरडा गेला तेव्हा यानं मालकाच्या बायकोकडं बोट दाखवलं, की ही बाई चपला घालून वावरात फिरली. त्या बिचारीनं बरेच दिवस नवऱ्याची बोलणी खाल्ली. खरी गोष्ट अशी की जगदेवचं कमिशन बोअरच्या मशीनवाल्याकडून येतं, पाणी लागो की नुसती धूळ उडो. लोकांची वावरं चाळणी झाली, पण याच्या खिशाला कधी भोक पडलं नाही.

एवढ्या कमाईवर माणूस गप्प बसला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण जमिनीच्या पोटातलं मला दिसतं, असं चार लोक म्हणायला लागले आणि ते यानं स्वतःच खरं मानलं. मग त्याला सगळ्याच गोष्टींच्या पोटातलं दिसायला लागलं. मुलींची लग्नं, निवडणुका, सोयाबीनचा भाव. शेवटी शेअर बाजार.

शेअर बाजार या बाकड्यावर हरीओमनं आणला. हरीओमचं मोबाइलचं दुकान आहे. महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातात मोबदला आला, आणि त्या पैशाचं करायचं काय हे कुणालाच कळेना. मोठ्या गाड्या घेऊन झाल्या, पोरांची लग्नं वाजवून झाली. तेव्हा हरीओमनं एकेकाच्या फोनवर डिमॅट खातं उघडून दिलं. त्या दिवसापासून बाकड्याची भाषाच बदलली. ज्यांना स्वतःच्या वावरात यंदा काय पेरावं हे बायकोला विचारावं लागतं, ते जपान, अमेरिकेच्या बाजाराबद्दल बोलायला लागले. सकाळी बाजार उघडला की बाकडं गप्प, माना खाली, अंगठे वर-खाली. पोथी वाचताना यांच्या बापजाद्यांनी एवढं लक्ष दिलं नसेल. एकमेकांना ते ‘इन्व्हेस्टर’ म्हणायचे. “काय इन्व्हेस्टर, च्या घेता का?” मला दोऱ्याचं रीळ फेकून मारावंसं वाटायचं.

जगदेवनं कंपनी निवडली ती देशातल्या देशात जमिनीतून तेल काढणारी. निवडायचं कारण त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“हे आपल्याच धंद्यातले लोकं हायेत. ते तेलासाठी भोक पाडते, मी पाण्यासाठी पाडतो. मले यातलं कोणी शिकवाचं काम नाई.”

आणि बाकड्यानं माना डोलावल्या, त्याच कंपनीचे थोडे थोडे शेअरही घेतले. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तेल शोधायला ते लोक नारळ घेऊन फिरतात का.

आता पंचफुलाबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. जगदेवला मी उगाच एवढी जागा दिली.

पंचफुला ही जगदेवची धाकटी बहीण. माझ्याकडं फॉल लावायला, हूक-बटन करायला येते. हात असा की टाका शोधून सापडत नाही. रिठदला दिली होती. नवरा वारला, मूल नव्हतं. सासरच्यांनी तिच्या वाट्याचं वावर दिराच्या नावावर करून घेतलं, पण त्याचे पैसे दिले, तेवढं तरी माणूसपण दाखवलं. ते पैसे तिनं आणून जगदेवच्या हातात ठेवले. भाऊ असताना बहिणीनं बँकेत जाऊन स्वतःचं खातं उघडणं म्हणजे भावावर अविश्वास, अशी आमच्याकडची रीत. ही रीत कुणी पाडली ते मला माहीत नाही, पण बहिणींनी पाडली नसणार एवढं नक्की.

त्या पैशातून तिला घर बांधायचं होतं. जऊळक्याच्या रस्त्याला एका ओळखीच्या माणसाचा प्लॉट तिनं पाहून ठेवला होता. घर म्हणजे काही बंगला नाही, दोन खोल्या आणि पत्रे. जगदेवच्या घरात ती सोयाबीनच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, खोलीत झोपायची. भावजय ललिताबाई तोंडानं वाईट नव्हती. पण चहा करायचा तर साखरेचा डबा कुठं आहे ते विचारा, टीव्ही लावायचा तर विचारा, मैत्रीण आली तर तिला कुठं बसवू ते विचारा. पंचफुला पन्नाशीला आली तरी पाहुण्यासारखी विचारत होती. एकदा फॉल लावता लावता मला म्हणाली, “रूपाली, मले फक्त आपल्या मनानं दार लावता आलं पाह्यजे अन् आपल्या मनानं उघडता आलं पाह्यजे. बाकी मले काई नाई लागत.”

यापेक्षा कमी कुणी काय मागावं? पण जगदेव दर वेळी म्हणायचा, “घाई काहून करतं? पैसे माह्याजवळ हायेत ना.” प्लॉटवाला दोनदा येऊन विचारून गेला. जगदेवनं त्याला दसऱ्याचा वायदा दिला, मग दिवाळीचा.

दिवाळी झाली आणि कोर्टाचा एक निकाल आला.

ब्लाऊजचं कटिंग काढायला मी रोजचा पेपर घेते. कापायच्या आधी वाचते, ही माझी सवय. त्यामुळं बाकड्याच्या आधी मला कळलं. बातमी सरळ होती. याच तेल कंपनीला नव्या ठिकाणी विहिरी पाडायची परवानगी मिळाली होती, ती कोर्टानं रद्द केली. कारण असं दिलं होतं की परवानगी देताना विहीर पाडल्यानं काय बिघडेल एवढंच पाहिलं. निघालेलं तेल जाळल्यावर हवा किती तापेल, पाऊसपाणी किती बिघडेल, याचा हिशेबच कुणी केला नाही. तो करा आणि मग या.

मला बाई ते पटलं. लग्नात जेवण किती लागेल ते मोजता आणि पाहुणे मोजत नाही, असं कसं चालेल?

पण समोर बाकड्यावर जणू कुणाच्या घरी मयत झालं होतं. शेअर घसरला होता. हरीओमनं घाईघाईनं आपले सगळे शेअर विकून टाकले आणि मग दुसऱ्यांना सांगायला लागला की घाबरू नका. मदनसिंगचा संताप तर बघण्यासारखा. दुकानातून बाहेर येऊन रस्त्यात उभा राहून तो कोर्टाला शिव्या द्यायला लागला.

“हवामान, हवामान! या लोकायले कामं नाईत. देशात तेल निगते तर निगू द्या ना. हे बाहेरच्या देशाचे पैसे खाल्लेले लोकं हायेत, केस टाकणारे.”

मी मशीन थांबवलं. हाच मदनसिंग मागच्या वर्षी याच जागेवर उभा राहून रडला होता. सोयाबीन कापणीला आलं आणि पाऊस हटेना. वावरातच शेंगांना कोंब फुटले. तेव्हा ही सगळी मंडळी काळे पडलेले दाणे मुठीत घेऊन तहसीलवर गेली होती आणि साहेबापुढं ओरडली होती की हवामान बदललं, आमी मेलो, भरपाई द्या. बाकड्यावरच्या प्रत्येकानं भरपाईचा अर्ज भरला होता. तेव्हा हवामान खरं होतं. आता शेअर पडला तर हवामान खोटं झालं. यांची श्रद्धा खात्यात काय जमा होतं त्यावर ठरते.

टीव्हीवर टाय लावलेले लोक येऊन सांगत होते, की निकालाचा कंपनीवर फार परिणाम होणार नाही, घसरणीत संधी असते. ‘संधी’ हा शब्द ऐकल्यावर जगदेवनं मान वर केली. तोवर तो डोळे मिटून बसला होता, वावरात बसतो तसा. मग बोलायला लागला, आणि त्या दिवशी तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“तुमी लोकं येडे हायेत. मी हे जिंदगीभर पाह्यत आलो. उन्हाळ्यात तहसीलदार बोअरवर बंदी टाकते का नाई? टाकते. मंग बोअर बंद होते का? उलट मशीनवाल्याचा भाव दुप्पट होते. गाडी आडरस्त्यानं येते, अन् ज्याच्यापाशी पैसा हाये तो चूपचाप बोअर मारून घेते. बंदी आली का धंदा वाढते. हे कोर्टानं बंदी टाकली म्हणजे तेलाचा भाव वाढला समजा. आता इकाचं नाई, आता घ्याचं.”

बाकडं ऐकत राहिलं. कुणाचीतरी मान हलली, मग सगळ्यांच्या हलल्या. कोर्टाचा हुकूम म्हणजे आडरस्त्यानं गाडी आणून चुकवायची गोष्ट, हे त्यांना जन्मापासून माहीत. समुद्रात नाहीतर वाळवंटात शेकडो माणसं आणि डोंगराएवढी यंत्रं लावून तेल काढणारी कंपनी जऊळक्याच्या मशीनवाल्यासारखी अंधारात हळूच विहीर पाडून घेईल, असं या शहाण्यांना खरंच वाटलं. असली चूक करायला मुद्दाम आमच्या बाकड्यावर जन्मावं लागतं.

मदनसिंगनं आणखी थोडे घेतले. बाकीच्यांनी घेतो घेतो म्हटलं आणि चहा घेतला. जगदेवनं मात्र भरपूर घेतले, आणि स्वतःच्या पैशातून एक रुपया लावला नाही.

संध्याकाळी पंचफुलाला मी सांगितलं. म्हटलं, तुझ्या भावानं आज तेलाची विहीर घेतली, कुणाच्या पैशानं ते विचार. तिचा चेहरा उतरला. सुई तशीच साडीत टोचून ती रस्ता ओलांडून गेली. सगळ्या माणसांसमोर भावाला काही विचारण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

“दादा, घराचे पैसे हायेत ना?”

“हायेत तं. कुठी जातात?”

“बँकेत हायेत?”

जगदेव हसला. बाकड्याकडं बघून हसला, म्हणजे बघा बायकांचं. “बँकेत पैसे झोपते पंचफुले. म्या त्यायले कामाले लावलं. तू दोन खोल्या म्हणतं, म्या तुले स्लॅब टाकून देतो. जाय, काम कर आपलं.”

ती परत आली, सुई उचलली. मी मशीन जोरात चालवलं, कारण तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या.

पुढचे दोन-तीन दिवस शेअर खरंच वर गेला. कंपनी वरच्या कोर्टात जाणार, अशी कुणीतरी आवई उठवली होती. जगदेवनं पेढे वाटले. माझ्या दुकानातही पुडा पाठवला, तो मी समोरच्या कुत्र्याला घातला. कुत्र्यानं खाल्ला, त्याला बाजार कळत नाही. लोक जगदेवला वाकून नमस्कार करायला लागले. बाकड्यावर मधली जागा त्याची. एकानं तर त्याला विचारलं की नारळ फोनवर ठेवला तर कोणता शेअर वर जाईल ते कळंल का. आणि जगदेवनं नाही म्हटलं नाही. म्हणाला, “पाहू.”

मग कंपनीनंच सांगून टाकलं की आम्ही वरच्या कोर्टात जात नाही. हिशेब करून पाहिला तर त्या नव्या विहिरी परवडत नाहीत. त्या जागा आम्ही सोडून देतो. ज्या विहिरींच्या आशेवर शेअर उभा होता त्या कागदावरूनच बुजल्या. ना आडरस्ता, ना गाडी. शेअर जो खाली आला तो येतच राहिला. टीव्हीवरचे टायवाले तेच होते. आता ते म्हणत होते की हे तर आधीपासून दिसत होतं.

बाकड्यावर मदनसिंग म्हणाला, “नुकसान कागदावरच हाये. इकलं नाई तवरोक नुकसान नाई.” लगेच सगळ्यांनी ते वाक्य उचललं. घरात सोयाबीनचे कट्टे भाव येईल म्हणून ठेवायचे, उंदरांनी खाईपर्यंत ठेवायचे, आणि विकत नाही तोवर भाव पडलाच नाही असं म्हणायचं. यांची हीच विद्या. जगदेव दुसऱ्याच दिवसापासून ‘लाँग टर्म’ म्हणायला लागला. लाँग टर्म म्हणजे काय ते मला हरीओमनं सांगितलं. आत्ता विचारू नका, असा त्याचा अर्थ.

जऊळका रस्त्याचा प्लॉट त्या आठवड्यात दुसऱ्यानं घेतला. प्लॉटवाला भला माणूस, स्वतः दुकानात येऊन पंचफुलाला सांगून गेला. “बाई, म्या लय थांबलो. तुमचा भाऊ फोनच उचलत नाई.” ती “बरं” म्हणाली. त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर हातातल्या साडीचा फॉल तिनं पूर्ण लावला, घडी घातली, वर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचली. मग तिथंच खाली बसून ती जी रडली ते मला बघवेना. मी शटर अर्धं ओढलं, समोरच्या बाकड्यानं तमाशा बघू नये म्हणून. जगदेवचा मला त्या दिवशी जेवढा तिटकारा आला तेवढा कुणाचाच आला नाही. पाणी न लागलेल्या बोअरचं खापर त्यानं जसं परक्या बाईवर फोडलं होतं, तसं तो घरी आपल्या बहिणीला म्हणाला होता, “तू त्या दिवशी टोकलं ना सगळ्यायसमोर, तवाच बरकत गेली.”

यानंतर कुणी शहाणा माणूस वर्षभर तोंड लपवून बसला असता. जगदेव महिन्याभरात हसत दुकानात आला. सोबत एक पांढऱ्या शर्टातला माणूस. यांच्या बापाचं, देवमनचं, जऊळक्याजवळ रस्त्याला लागून वावर आहे. तिथं पेट्रोल पंप टाकायला जागा पाहिजे होती आणि तो माणूस चांगला भाव देत होता. तेलाचा नाद काही सुटला नव्हता. पण उताऱ्यावर बाप गेल्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली होती, जगदेव आणि पंचफुला. पंपवाल्याला कागद स्वच्छ पाहिजे होता. तेव्हा बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, म्हणजे माझा वाटा मी भावाला सोडला म्हणून रजिस्ट्रीत जाऊन सही करायची. आमच्याकडं बहिणी ती सही करतातच. भाऊ साडी घेतो, जेवू घालतो, आणि बहीण बापाच्या वावरातून उठते.

जगदेवच्या हातात साडीची पिशवी होती. ती त्यानं पंचफुलाच्या पुढ्यात ठेवली.

“चाल. गाडी उभी हाये. अर्ध्या घंट्याचं काम हाये. पंपाचे पैसे आले का पह्यले तुह्यं घर.”

तिनं पिशवीत पाहिलंही नाही. “म्या सही नाई करत,” ती म्हणाली.

“काहून?”

“माह्यं नाव हाये तिथी. राहू दे.”

जगदेवला आधी ऐकूच आलं नाही, असं वाटलं. मग तो पांढऱ्या शर्टाकडं बघून हसला. मग माझ्याकडं बघून ओरडला. “हे तुवा शिकवलं हिले!”

मला फार आनंद झाला असता तसं असतं तर. पण मी काही शिकवलं नव्हतं, आणि तसं सांगायलाही मी तोंड उघडलं नाही. त्याला वाटू दे.

“भावाच्या हातात पैसे देले, ते गेले,” पंचफुला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रस्त्यापलीकडं ऐकू जात होता, कारण पलीकडं श्वास रोखून धरले होते. “आता बापाचं वावर बी देऊ? मंग मरू कुठी, तुह्या कट्ट्याच्या खोलीत? वाटणी करून दे. मले सडकेच्या बाजूनं पाह्यजे. अन् तुह्या फोनमंधी जे उरलं ते आजच इक, अन् माह्या खात्यात टाक. म्या खातं उघडलं.”

“लाँग टर्मले ठेवले हायेत वं ते!”

“माह्यं टर्म झालं.”

पांढऱ्या शर्टानं घड्याळ पाहिलं. पंधरा-वीस दिवसांत कागद झाला तर बोला, नाहीतर पुढच्या फाट्याला दुसरी जागा आहे, एवढं म्हणून तो गाडीत बसला. जगदेव साडीची पिशवी घेऊन त्याच्या मागं पळाला.

आणि आता बाकड्याचं ऐका. हवा किती तापेल, पाऊस किती बिघडेल ते मोजा, असं कोर्टानं लिहून दिलं तेव्हा ज्यांनी शिव्या दिल्या होत्या, त्यांचे चेहरे एका बाईच्या ‘नाही’नं राखेसारखे झाले. कारण तिथल्या प्रत्येकाला बहिणी होत्या, आणि निम्म्यांचे उतारे तसेच पडलेले होते. बाजार कोसळला होता तेव्हा कुणी एवढं घाबरलं नव्हतं. मदनसिंगनं त्याच दुपारी कारंज्याला दिलेल्या आपल्या बहिणीला, रामीबाईला, फोन लावला. “तब्येत बरी हाये ना? नाई, सहजच केल्ता. तूर डाळ पाठवतो.” फोनवर बोलताना तो उभा होता, साहेबासमोर उभं राहावं तसा. दुसऱ्यानं भाचीला ड्रेस शिवायला टाकला, माझ्याचकडं, आणि वर अस्तर चांगलं लावा म्हणाला. तिसरा तलाठ्याकडं पळाला. जन्मात ज्यांना बहिणीचं गाव कुठं आहे ते आठवत नव्हतं, ते तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले. मी हसून हसून दोन ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या लावल्या.

जगदेवनं आधी धमकी दिली, मग रडला, मग ललिताबाईला पाठवलं. पंचफुला फॉल लावत राहिली. आणि पंपाचा भाव हातचा जातो म्हटल्यावर त्याचा सगळा मान-अपमान विरघळला. त्यानं स्वतः पळापळ करून तहसीलमध्ये संमतीनं वाटणी करून घेतली. शेअर विकले, जे उरलं होतं ते तिच्या खात्यात टाकलं. जे आलं ते गेलेल्यापेक्षा फार कमी होतं, आणि ती तूट कुणी भरून दिली नाही, देणारही नाही. पण सडकेच्या बाजूचा तुकडा तिच्या नावावर झाला. सडकेला लागून अजून बरीच जागा होती, म्हणून पंपवाल्यानं बाकीचं घेतलं.

तिनं त्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या. वर पत्रे, पुढं निळ्या रंगाचं लोखंडी दार. पडदे मी शिवून दिले आणि लावायलाही मीच गेले. ती चुलीवर भाकरी टाकत होती, मी स्टुलावर चढून दोरी बांधत होते. तेवढ्यात जगदेव आला. पंपवाल्याला गाड्या वळवायला तिच्या बाजूची थोडी जागा पाहिजे होती म्हणे. दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून तो पायातल्या चपलांसकट सरळ आत आला आणि बसायला जागा शोधू लागला.

“दादा, बाहेर जाय,” पंचफुला म्हणाली. मान वर केली नाही.

“काहून? काय झालं?”

“बाहेर जाय, अन् आवाज दे.”

तो हसला. माझ्याकडं पाहिलं, मी दोरी बांधत राहिले. तिच्याकडं पाहिलं, ती भाकरी थापत होती. मग जऊळक्याचा पाणाड्या, मालेगावच्या बाकड्याचा मानकरी, जमिनीच्या पोटातलं दिसणारा, मागं फिरला. बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. दार आपलं आपण मिटलं.

“पंचफुले,” त्यानं हाक मारली.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, विस्तवाला लावून फुगवली, दुरडीत ठेवली. दुसरी थापली. ती तव्यावर पडली, तेव्हा तिनं विचारलं,

“कोण हाये?”

बाहेरून हळू आवाजात आलं, “मी हाये वं. जगदेव.”

“थांब मंग,” पंचफुला म्हणाली, आणि हात पुसायला फडकं शोधू लागली.